‘बॅलन्स्ड’ हेडफोनला ‘संतुलित’ म्हणावं का?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीत ‘बॅलन्स्ड’ आणि ‘सिंगल-एंडेड’ हे शब्द सारखे येतात. त्यांना मराठीत ‘संतुलित’ आणि ‘असंतुलित’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालू नये. ‘संतुलित हेडफोन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याचा खर्ज बेताचा आहे आणि वरचे स्वर कानाला टोचत नाहीत. ‘असंतुलित’ म्हटलं की दुसऱ्यात खोटच निघाली. मूळ शब्द आवाजाच्या गोडीबद्दल बोलतच नाही.

‘बॅलन्स्ड’चा खरा मुलूख म्हणजे लांब केबली. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या ठिकाणी मंचावरच्या माइकपासून मिक्सरपर्यंत केबल जाते ती तीन पिनांची, साउंडवाले जिला ‘कॅनन’ म्हणतात. आत सिग्नलच्या दोन तारा, वर जाळीचं आवरण. ग्राउंडच्या हिशेबात दोन्ही तारांचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) सारखा राखलेला असतो. तोल म्हणतात तो हाच. वाटेत दिव्यांच्या डिमरची गुणगुण शिरली तर ती दोन्हींत सारखीच शिरते. मिक्सर दोन तारांमधला फरक तेवढा उचलतो आणि गुणगुण वजा होते. तिथे ‘समतोल केबल’ हा शब्द चपखल बसतो.

हेडफोनची तार एक-दोन मीटरची, त्यातला सिग्नल माइकच्या मानाने कितीतरी दणकट. तिथे गुणगुणीचं भय नगण्य. तिथला प्रश्न वेगळाच आहे: दोन्ही कानांची परतीची (करंट परत नेणारी) तार एकच, की वेगवेगळी?

नेहमीची ३.५ मिमीची पिन हातात घेऊन पाहा. दोन काळ्या रेघा, धातूचे तीन भाग. टोक डाव्या कानाचं, मधली पट्टी उजव्याची, आणि मुळाकडचा भाग दोघांचा मिळून. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला कारागीर त्याला सरळ ‘कॉमन’ म्हणतो. आपल्याकडे त्याला ‘सामाईक’ हा घरचा शब्द तयार आहे. वाड्यातल्या सामाईक नळावर एकाने तोटी सोडली की दुसऱ्याची धार बारीक होते. तसा त्या तारेच्या किंचित रोधामुळे एका कानाचा अंश दुसऱ्यात उतरतो. बॅलन्स्ड हेडफोनच्या ४.४ मिमीच्या पिनेवर चार रेघा आणि पाच भाग असतात: डाव्याच्या दोन तारा, उजव्याच्या दोन, पाचवा ग्राउंड. (मोबाइलच्या इयरफोनवर तीन रेघा दिसल्या तर चौथा भाग बहुतेक माइकचा असतो, तो बॅलन्स्ड नव्हे.)

म्हणून मी सुचवेन ‘सिंगल-एंडेड’ला ‘सामाईक जोडणी’ आणि ‘बॅलन्स्ड’ला ‘स्वतंत्र जोडणी’. ‘सिंगल-एंडेड’ला ‘एकतर्फी’ही सुचतं, पण एकतर्फी सामना, एकतर्फी निकाल यांतला कमीपणा त्याला चिकटलेला आहे.

अ‍ॅम्प्लिफायरला मात्र ‘स्वतंत्र’ अपुरा पडतो. खऱ्या बॅलन्स्ड अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक कानामागे दोन अ‍ॅम्प असतात, एक ढकलताना दुसरा ओढणारा. त्याला ‘दुहेरी अ‍ॅम्प’ म्हणावं. एकेरी अ‍ॅम्प ३२ ओहमच्या हेडफोनला २ व्होल्ट देत असेल तर शक्ती होते १२५ मिलिवॅट. दुहेरीने ४ व्होल्ट दिले तर ५००, अर्थात तेवढा करंट पुरवण्याची ताकद असेल तरच. व्होल्ट दुप्पट, शक्ती चौपट. ३०० ओहमच्या हेडफोनला हा फायदा खरोखर लागतो. साध्या इयरफोनवर आवाज फक्त जोरात येतो, आणि जोरातलं कानाला चांगलंच वाटतं. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पवाल्यांचं ‘सिंगल-एंडेड’ तिसरंच आहे: ते हेडफोनच्या जोडणीचं नव्हे, अ‍ॅम्पच्या आतल्या रचनेचं नाव, आणि त्याचा जोडीदार ‘पुश-पुल’. तिथे ‘सामाईक’ लावू नका.

‘सामाईक’-‘स्वतंत्र’चा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. स्वतंत्र तारांचा हेडफोन अडॅप्टर लावून सामाईक सॉकेटमध्ये खुशाल चालवावा. उलट करू नये: दुहेरी अ‍ॅम्पच्या सॉकेटला साध्या अडॅप्टरने सामाईक पिनेचा हेडफोन जोडला, तर परतीच्या बाजूचे दोन्ही अ‍ॅम्प एकमेकांवर शॉर्ट होतात आणि जळूही शकतात. ‘संतुलित’ या शब्दातून हा धोका कुणाच्या लक्षात येणार?