आधी बॅकअपची वायर काढ
सातपूरच्या वर्कशॉपचे कॉम्प्युटर आता तू बघणार, छान! सुरुवातीला एवढंच सांभाळ.

बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेव. नवखे ती जोडूनच ठेवतात (मीही ठेवायचो). रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फायली अडकवणारं सॉफ्टवेअर, जोडलेल्या ड्राइव्हमधल्या, शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फायलीही कुलूपबंद करतं, बऱ्याचदा त्यांची नावं बदलतं, विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती पुसतं. मग खंडणीची चिठ्ठी.

अपडेट टाळू नकोस. वॉनाक्राय हे असंच एक रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरलं. त्याला रोखणारं मायक्रोसॉफ्टचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं.

‘बिल’ म्हणून अनोळखी झिप फाइल आली? आधी पाठवणाऱ्याला फोन.

लागण झालीच तर नेटची वायर उपट, वायफाय बंद कर. फॉरमॅटची घाई नको; काही प्रकारांनी अडकवलेल्या फायली उघडायची चावी ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर फुकट मिळते.