एकाच सरांकडे दोघी

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, चिपळूणला आर्टिस्टिक रोलर स्केटिंग शिकते. जिल्हा स्पर्धेत तिला हरवणारी मुलगीही याच सरांकडे येते आणि सरांचं लक्ष तिच्याकडेच जास्त असतं, असं मला वाटतं. मुलीला पुण्याला माझ्या बहिणीकडे ठेवून तिथे क्लास लावू का? – एक आई

उत्तर : ताई, घाई करू नका. प्रतिस्पर्धी त्याच क्लासला आहे, एवढ्यासाठी तर मुळीच नको.

तुमच्या मुलीच्या खेळासारखंच, पण चाकांऐवजी बर्फावर चालणारं फिगर स्केटिंग घ्या; तिथे हे नेहमीचंच आहे. जपानचा युझुरु हान्यू आणि स्पेनचा हाविएर फर्नांडेझ दोघेही टोरांटोत ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकायचे. २०१५ आणि २०१६ ला जागतिक विजेता झाला फर्नांडेझ. हान्यू दोन्ही वेळा दुसरा. तरी तो तिथेच राहिला आणि २०१८ ला त्याने आपलं दुसरं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत फर्नांडेझला कांस्य मिळालं. त्याच ऑलिंपिकमध्ये रशियाची मेदवेदेवा आपल्याच प्रशिक्षिकेच्या दुसऱ्या शिष्येकडून, झगितोवाकडून हरली आणि नंतर ऑर्सर यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत झगितोवा पहिली, मेदवेदेवा तिसरी. सर बदलले तरी स्पर्धेत समोर तीच मुलगी असते.

सरांच्या लक्षाचा प्रश्न मात्र खरा आहे. पावसाळ्यात उघडी रिंक ओली, म्हणून सगळे एका हॉलमध्ये. वेळ अपुरा पडतो तेव्हाच भेदभाव उघडा पडतो. अशा दिवशी तासभर बसून बघा. संगीत लावून पूर्ण प्रोग्राम करायची पाळी तुमच्या मुलीला किती वेळा मिळते? ती उडीत पडली की सर नुसतं ‘पुन्हा कर’ म्हणतात, की खांदा आधीच वळला होता हे दाखवून देतात? मग सरांना एकट्याने भेटा. दुसऱ्या मुलीचं नावही काढू नका. ‘हिच्याकडून येत्या सहा महिन्यांत काय करून घ्यायचंय?’ एवढंच विचारा. नेमकं उत्तर मिळालं तर क्लास सोडायचं कारण नाही.

आणखी एक. एवढ्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही. कदाचित त्या दोघी मैत्रिणी असतील, सुटल्यावर एकत्रच घरी येत असतील. आधी तिला विचारा. तीही जायचं म्हणाली आणि सरांकडूनही समाधान झालं नाही, तर मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला पाठवून बघा. शाळेचा दाखला मात्र तोवर काढू नका.