घरच्या जिमचा बेंच: स्टिकर नको, खिट्टी बघा

पाठ वरखाली होणाऱ्या बेंचबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून तेच तेच प्रश्न येत आहेत. बहुतेकांनी दुकानातला स्टिकर वाचलेला असतो, शेजाऱ्याचा सल्ला ऐकलेला असतो, चार व्हिडिओही पाहिलेले असतात. बेंच आडवा करून खालून मात्र कुणी पाहिलेला नसतो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देत आहे.

निपाणी : घरी फक्त डंबेल्स आहेत. सपाट बेंच घेऊ की ॲडजस्टेबल?

ॲडजस्टेबल. सपाट, ३० अंश आणि जवळजवळ ताठ, एवढ्या तीन जागा नीट मिळाल्या तरी पुरे.

शहापूर, बेळगाव : एका बेंचवर ३०० किलो लिहिलंय, दुसऱ्यावर ४५०. उचलून पाहिले तर दोन्ही सारखेच हलके. फरक कशात आहे?

उचलून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. स्टिकरवरचा आकडा सपाट स्थितीतला की तिरक्या, नुसत्या ठेवलेल्या वजनाचा की हलत्या, माणसाचं वजन धरून की सोडून, यातलं काहीच तो स्टिकर सांगत नाही. दुकानदाराला हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर त्या आकड्याला किंमत देऊ नका. व्यायामाच्या साधनांसाठी आयएसओ २०९५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात घरगुती आणि व्यावसायिक वापराचे वेगळे वर्ग आहेत. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असेल तर कुठला वर्ग तेही विचारा.

मोजायचं ते पाइप. चौकोनी पाइपच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बूच काढा आणि पाइपच्या भिंतीची जाडी व्हर्निअर कॅलिपरनं मोजा. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे २, ११ गेज म्हणजे ३ च्या आसपास. गेजचा आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ. "१६ गेजचा आहे, हेवी आहे" असं सांगून बेंच गळ्यात मारला जातो, ही सरळ दिशाभूल आहे. ५० बाय ५० चा ३ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सव्वाचार किलोंच्या पुढे भरतो, तोच १.६ चा असेल तर अडीच किलोंच्या आत. म्हणूनच हातात घेतल्यावर हलका लागणारा बेंच आणि ४५० किलोंचा दावा एकत्र पटत नाहीत.

तुमचा हिशेब असा करा : स्वतःचं वजन ८०, दोन्ही हातांत २५-२५, म्हणजे १३०. त्याच्या दुप्पट भाराची खात्री विक्रेता तिरक्या स्थितीसाठी लेखी देत असेल तर विचार करा.

टिळकवाडी : सहा महिने वापरलेला बेंच. तिरका करून व्यायाम करताना कधीकधी "खट्ट" होतं आणि पाठ एक खाच खाली बसते. दुकानदार म्हणतो, ग्रीस लावा. लावू का?

लावू नका. आणि आजपासून हा बेंच तिरका करून वापरू नका. या एका प्रश्नासाठी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण अशी पत्रं येतात तीही सहा-सहा महिने चालढकल करून झाल्यावर. बेंच आपणहून खाच सोडतो तेव्हा कुलूप निकामी व्हायला सुरुवात झालेली असते, आणि त्या वेळी डंबेल्स तुमच्या तोंडावर असतात.

आधी जोर कुठे येतो ते समजून घ्या. पाठीची गादी बिजागरीवर फिरते आणि तिला पट्टीच्या भोकात जाणारी स्प्रिंगची खिट्टी किंवा खाचेत बसणारा टेकूचा दांडा अडवून धरतो. तुमच्या धडाचा आणि वजनांचा मिळून १०० किलोंचा भार बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर पडतो आणि खिट्टी १२ सेंटिमीटरवर आहे, असं धरू. सपाटीच्या जवळच्या स्थितीत त्या बोटाएवढ्या खिट्टीवर सुमारे ३३० किलोंचा जोर येतो. हा झाला शांत पडून राहिल्यावरचा. मांडीवरून डंबेल्स घेऊन धपकन मागे पडलात की त्यावर आणखी धक्का बसतो.

आता तपासणी. बेंच रिकामा ठेवा, उजेडात घ्या. खिट्टी पूर्ण बाहेर ओढून सोडा : ती स्प्रिंगच्या जोरावर टक्कन आत गेली पाहिजे. अर्ध्यात अडकून बोटानं ढकलावी लागत असेल तर स्प्रिंग मेली आहे किंवा भोकाच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची खरखरीत कड, आहे. भोकात टॉर्च मारा. नवं भोक गोल असतं. झिजलेलं एका बाजूला लांबट, अंड्यासारखं होतं आणि त्या बाजूला रंग जाऊन लोखंड चकाकतं. खिट्टीच्या अंगावरही तशीच चकाकी असेल, नखाला लागेल अशी पायरी पडली असेल, तर खिट्टी भोकाच्या टोकावर कशीबशी लटकत होती असं समजा. शेवटी गादीचं वरचं टोक धरून वरखाली हलवा. किंचित ढिलाई चालते. खडखडाट चालत नाही.

ग्रीसचं सांगायचं तर ते बिजागरीच्या बुशमध्ये, म्हणजे जिच्यात बोल्ट फिरतो त्या नळीत, लावतात. कुलपाच्या खाचेत लावलं की धूळ धरून बसतं आणि खिट्टी पूर्ण आत जात नाही. आवाज बंद होईल, धोका तसाच राहील. आणखी एक उपाय सर्रास सांगितला जातो : खिट्टी काढून तिथे हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घाला. तसं करू नका. बोल्टचे आटे भोकाच्या कडेवर आले की तिथे त्याची जाडी कमी असते, तो तिथेच तुटतो, शिवाय आट्यांनी भोक करवतीसारखं खाल्लं जातं. खिट्टी बदलायची तर मूळ मापाची, कंपनीकडून मागवलेलीच. भोक लांबट झालं असेल तर नुसती खिट्टी बदलून भागत नाही, ती पट्टीच बदलावी लागते.

शिडीसारख्या खाचांचा बेंच असेल तर टेकूचा आडवा दांडा दोन्ही बाजूंच्या एकाच क्रमांकाच्या खाचेत बसला आहे ना, हे दर वेळी वाकून पाहा. एक टोक तिसऱ्या खाचेत आणि दुसरं चौथ्यात, असं घाईत होतं. मग सगळा भार एका टोकावर येतो आणि पट्टी पिळते. असा बेंच पाठीला धरून उचलूही नका, दांडा खाच सोडून बाहेर येतो. जागा बदलली की आधी हातानं दाबायचं, मग रिकाम्या हातानं बसायचं, मग वजन घ्यायचं.

तुमचा बेंच सहा महिन्यांचा आहे, वॉरंटीची मुदत आधी पाहा. खिट्टी घसरतानाचा व्हिडिओ घ्या, लेखी तक्रार द्या आणि कंपनीच्या माणसाला प्रत्यक्ष बोलवा. तो "चालेल" म्हणाला तर तेही लेखी मागा.

मच्छे : ओळखीचा फॅब्रिकेटर आहे. त्याच्याकडून बनवून घेतला तर चालेल का? मापं सांगाल का?

चालेल. उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात यापेक्षा कितीतरी अवघड कामं होतात. पण वेल्डिंग उत्तम येणं आणि बेंचची मापं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंचीसाठी पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे आकडे डोळ्यांसमोर ठेवा : जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत ४२ ते ४५ सेंटिमीटर, रुंदी २९ ते ३२. ते सपाट बेंचसाठी आहेत, तरी आधार म्हणून चांगले आहेत. उंची यापेक्षा वाढली की बुटक्या माणसाचे पाय टेकत नाहीत आणि कंबर कमानीसारखी उचलली जाते. पाठीची गादी ८० सेंटिमीटर, बैठक ३० ते ३५. मधला कणा ५० बाय ७५ चा, ३ मिलिमीटर जाडीचा. मागचा आडवा पाय निदान ५० सेंटिमीटर लांब, नाहीतर एका हातात डंबेल घेतल्यावर बेंच कलतो. पुढचा पाय मात्र मध्ये एकच ठेवा, म्हणजे तुमच्या टाचांना मागे जायला जागा राहते.

अंशांची पट्टी ६ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि तिची भोकं गॅस कटिंगनं पाडू देऊ नका. कड ओबडधोबड येते आणि खिट्टी कधीच घट्ट बसत नाही. पट्टी लेझरवर कापून घ्या किंवा भोकं ड्रिल करून रीमर (भोक अचूक मापाचं गुळगुळीत करणारं हत्यार) मारून घ्या. बिजागरीला १६ मिलिमीटरचा बोल्ट, त्याचा बिनआट्यांचा भाग बुशमध्ये फिरेल असा, आणि आत नायलॉनची कडी असलेला लॉकनट. साधा नट हलत्या जागी आपोआप सुटतो.

गादीखाली १८ मिलिमीटरचा प्लाय, वर ५० मिलिमीटरचा रिबॉन्डेड फोम, म्हणजे तुकडे दाबून केलेला कडक फोम. सोफ्याचा मऊ फोम सांगितला जाईल, घेऊ नका. वजन घेतल्यावर खांदा आत रुततो आणि हात कलतात. कोपर टेकवून अंगाचा भार द्या : खालचा प्लाय लागला तर फोम नापास.

काम टाकण्याआधी रेखाचित्र एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरला दाखवा. या गावात तो शोधायला लांब जावं लागणार नाही.

खानापूर : पावसाळ्यात बेंचला बुरशी येते, नट गंजतात.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे होणारच. बेंच भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली ओल कोंडते. वापरानंतर रेक्झिनवरचा घाम ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसा. पावसाळ्याआधी गादी सोडवून प्लायच्या उघड्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं. प्लाय फुगला की त्यातले नट सैल होतात आणि गादी डुगडुगते. वेल्डच्या सांध्यातून तांबूस ओघळ दिसला तर नुसता रंग मारू नका, घासून खाली भेग आहे का ते वेल्डरकडून बघून घ्या.

येळ्ळूर : मुलगा १६ वर्षांचा. सैन्यभरतीची तयारी करतोय, बेंच हवा म्हणतो. वजन उचललं की उंची खुंटते असं गावात म्हणतात.

उंची खुंटते ही ऐकीव गोष्ट आहे, तिला आधार नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनानं, नीट पद्धतीनं केलेल्या व्यायामानं वाढ थांबत नाही. इजा होते ती एकट्यानं, हौसेपोटी, झेपेल त्याहून जास्त वजन घेतल्यानं.

पण बेंच घेण्याआधी भरतीच्या मैदानावर काय मागतात ते पाहा. सैन्याच्या भरती मेळाव्यात १.६ किलोमीटर धाव, बीमवर पुलअप्स, ९ फुटी खड्डा ओलांडणं आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं असतं. बेंचवर झोपून वजन ढकलण्याला तिथे एकही गुण नाही. त्याच पैशात पक्का पुलअप बार बसवा आणि चांगले बूट घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, त्यामुळे निवृत्त जवान आसपास भेटतात. मुलाला त्यांच्यापैकी एखाद्याकडे घेऊन जा. आणि डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्या.

वडगाव : वय ५२. बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीत कंबर टोचते. मणक्याचा जुना त्रास आहे.

सपाट स्थितीत दोन-तीन सेंटिमीटर फट बहुतेक बेंचना असते. पाच झाली की माकडहाडाला आधार उरत नाही. बैठक पुढेमागे सरकणारा बेंच मिळतो, तो तुमच्यासाठी बरा. टॉवेलची घडी घालून वेळ मारून नेऊ नका, ती घसरते. मणक्याचा त्रास असल्यामुळे फटीचं कारण बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कुठल्या कोनात बसायचं ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. पायात मुंग्या येत असतील तर भेट पुढे ढकलू नका.

चिकोडी : कोल्हापुरात बेंच स्वस्त पडतो, तिकडे कर कमी आहे असं ऐकलं. खरं का?

कर कमी नाही. जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच. भाव कमी असेल तर तो त्या दुकानदाराचा भाव. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटीची दुरुस्ती तुमच्या घरी होईल की बेंच परत कोल्हापूरला न्यावा लागेल, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. ४० किलोंची वस्तू एकदा टेम्पोतून नेली-आणली की वाचलेले पैसे गेले.

बेळगाव, जुनं घर : लाकडी माडीवर ठेवला तर?

तळमजल्यावर ठेवा. माडीवरच हवा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळया दाखवा.

अनगोळ : बेंचलाच बारचे स्टँड जोडलेले आहेत. रात्री एकटाच व्यायाम करतो. चालेल?

बार घेऊन एकट्यानं, नाही. हे जोडलेले स्टँड बहुधा अरुंद असतात. एका बाजूची प्लेट आधी काढली की दुसऱ्या बाजूच्या वजनानं बार उलटतो, कधी बेंचसकट. आणि शेवटच्या वेळी बार वर गेला नाही तर तो छातीवर किंवा गळ्यावर येतो, खाली अडवायला काही नसतं. एकट्यानं करायचं असेल तर दोन्ही बाजूंना आडवे सेफ्टी दांडे असलेला वेगळा रॅक घ्या. दांडे छातीच्या किंचित खाली, पण गळ्याच्या वर राहतील असे लावा आणि आधी रिकाम्या बारनं तपासा. तोवर डंबेल्स वापरा, ते बाजूला सोडता येतात. रॅकची उंची लावताना पहिल्यांदा प्रशिक्षकाला सोबत घ्या.

निपाणी : डोकं खाली जाणारी डिक्लाइनची सोय असलेला बेंच हजार-दीड हजारानं महाग आहे. घ्यावा का?

गरज नाही. ते पैसे जाड पाइपावर घाला. सोय असलेला बेंच घरी आलाच असेल आणि रक्तदाब किंवा काचबिंदूचा त्रास असेल, तर डोकं खाली करण्याआधी डॉक्टरांना विचारा.