घरून चालणाऱ्या ऑनलाइन मसाल्याच्या धंद्यात कोणती कामं दुसऱ्याला द्यावीत?

ताई, तुम्ही लिहिलंय की चटण्या-मसाल्याच्या महिन्याला दोनेकशे ऑर्डर येतात, पॅकिंग, व्हॉट्सॲपचे रिप्लाय, कुरिअर, हिशेब सगळं एकटीच करायलाव अन् रात्रीचे बारा वाजतात, तर आधी कोणतं काम बाहेर द्यावं. मी लातूरची, काळा मसाला, येसर (आमटीत घालायचं भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ) अन् जवसाची चटणी विकते, हे सहावं वर्ष आहे, तुमच्यासारखीच अवस्था चौथ्या वर्षी झाली होती म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्या कामाचा सगळ्यात जास्त वैताग येतो ते आधी देऊ नका. मी तेच केलं होतं, रिप्लायचा कंटाळा आला म्हणून एका एजन्सीला महिन्याला पाच हजारावर ते काम दिलं. तिथली मुलगी बोलायला चांगली होती, पण पुण्याच्या एका बाईनं विचारलं की तुमचं येसर आमटीला किती घालायचं, अन् त्यात डाळी भाजून घेतल्यात का, तर उत्तर गेलं "यस मॅम, बेस्ट क्वालिटी". ती बाई मूळची उदगीरची, लग्नातली येसराची आमटी खाऊन मोठी झालेली, तिनं परत कधी ऑर्डर दिलीच नाही. अशी बरीच जुनी गिऱ्हाइकं दोन महिन्यांत गप्प झाली. त्या मुलीची चूक नव्हती, तिला सांगायचं काय ते मीच कधी कागदावर उतरवलं नव्हतं.

आता मी असं बघते की काम एका कागदावर लिहून देता येतं का, अन् चुकलं तर निस्तरता येतं का. दोन्हीला हो असेल तरच द्यायचं. पॅकिंग यात पहिलं बसतं. आमच्या गल्लीतल्या एक काकू दुपारी तीन तास येतात, पार्सलमागं 8 रुपये देते. भिंतीवर कागद चिकटवलाय: वजन काट्यावर, पाऊच सील करून दाबून बघायचा, बॉक्स बंद करण्याआधी आतला फोटो काढायचा. या फोटोनं "एक पाकीट कमी आलं" ही भांडणं जवळपास संपली. बॉक्सचा साइज मात्र तुम्हीच ठरवून द्या, कारण बहुतेक कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये काढून 5000 नं भागतात अन् ते वजन काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे लावतात, म्हणजे 30 बाय 20 बाय 15 चा खोका घेतला की आत किलोभर मसाला असला तरी भाडं 1.8 किलोच्या हिशेबानं लागतं. आम्हाला हे कळेपर्यंत सहा महिने गेले. अन् पॅकिंगला माणूस आपल्या घरी बोलवा, माल त्यांच्या घरी पाठवू नका, खाण्याचे पदार्थ विकायला लागणारं एफएसएसएआयचं सरकारी रजिस्ट्रेशन ज्या पत्त्यावर आहे तिथंच हे काम झालेलं बरं.

रिप्लाय मी नंतर परत दिले, पण वेगळ्या पद्धतीनं. आधी महिनाभर लोक काय काय विचारतात ते वहीत लिहिलं, बहुतेक प्रश्न तेच तेच निघाले, किती तिखट आहे, किती दिवस टिकतो, कांदा-लसूण आहे का. त्यांची उत्तरं माझ्याच भाषेत व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे तयार उत्तरांत, टाकली. व्हॉट्सॲप बिझनेस आपल्या फोनवर ठेवून लिंक्ड डिव्हाइसमध्ये आणखी 4 डिव्हाइस जोडता येतात, त्यामुळं सिम अन् नंबर आपल्याकडंच राहतो, कॉलेजची एक मुलगी संध्याकाळी दोन तास तिच्या लॅपटॉपवरून बघते, ऑर्डर शीटमध्ये भरते, ती उद्या सोडून गेली तर फोनवरून तिचं डिव्हाइस काढून टाकायचं एवढंच. तक्रार आली की ती लेबल लावून माझ्यासाठी सोडते, नाराज गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करते.

पैशाचं काम कुणालाच दिलं नाही. यूपीआयचे खोटे स्क्रीनशॉट खूप येतात, म्हणून पैसे खात्यात आलेले बघून "पेड" लेबल मीच लावते, त्याशिवाय काकू पार्सल बांधत नाहीत. जीएसटीचं रिटर्न अकाउंटंट भरतात, पण पोर्टलला मोबाइल नंबर अन् ईमेल माझाच आहे, महिन्याचं रिटर्न असेल तर जीएसटीआर-1 ची (विक्रीचा तपशील) 11 तारीख अन् जीएसटीआर-3बी ची (कर भरायचं रिटर्न) 20 तारीख फोनमध्ये लावून ठेवा, उशीर झाला तर लेट फी आपल्याच नावावर पडते. अकाउंटंट बदलला तरी चावी आपल्याकडं पाहिजे.

अन् भाजणं देऊ नका ताई. खोबरं किती काळं करायचं, दगडफूल कधी काढायचं हे अजून मला लिहून देता आलेलं नाही, म्हणून ते माझ्याच हातात आहे, कांडपाला गेले तरी मी मशीनपाशी उभी असते, कारण आधीच्या मिरचीचा अंश राहिला तर पुढच्या घाण्याचा सगळा रंग बदलतो. लोक पैसे याच चवीचे देतात.

काकूंचे सोळाशे अन् मुलीचे तीन हजार, एवढा महिन्याचा खर्च आहे, त्यातून मला रोजचे साडेचार तास मिळाले. त्या वेळात मी मार्केट यार्डात जाऊन मिरची अन् धणे स्वतः निवडून घ्यायला लागले, आधी फोनवर सांगून जे येईल ते घ्यायचे.

माणूस आत्ताच शोधा, श्रावणात. दिवाळीच्या ऑर्डर सुरू झाल्या की शिकवायला बसायला वेळ मिळत नाही, अन् पहिले पंधरा दिवस तरी तुम्हाला शेजारी बसावंच लागतं.