वाचकांचे प्रश्न : प्रभू येणार आहे, तर आजचा दिवस कसा जगावा?

ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : प्रभू अमुक महिन्यात येणार, असे दानिएलाच्या पुस्तकावरून सिद्ध करणारा एक व्हिडिओ आमच्या मंडळीत फिरतो आहे. आकडेमोड बिनचूक वाटते. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. आकडेमोड बिनचूक असली तरीही ठेवू नये. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असे खुद्द येशूने सांगितले आहे (मत्तय २४:३६). मार्क १३:३२ मध्ये तर पुत्रालाही ठाऊक नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तेव्हा त्यांना काळवेळ सांगितली गेली नाही, साक्षी होण्याचे काम दिले गेले (प्रेषितांची कृत्ये १:६-८).

अशा गणितात चूक कुठे होते, हेही पाहून ठेवावे. बेरीज सहसा बरोबरच असते. घोळ असतो तो सुरुवातीला धरून चाललेल्या गोष्टींत. सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील उपदेशक विल्यम मिलर यांचे आहे. दानिएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळींचा उल्लेख आहे. मिलर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले, मोजणी इ.स.पू. ४५७ पासून सुरू केली आणि ते १८४३ च्या आसपास पोहोचले. पुढे इ.स.पू. आणि इ.स. यांच्यामध्ये शून्य वर्ष नसते हे लक्षात घेऊन १८४४ साल आले आणि त्यांच्या चळवळीतून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. काहींनी शेतातले पीक तसेच उभे ठेवले. तो दिवस आला आणि गेला. इतिहासात त्याला ‘महानिराशा’ म्हणतात. दिवसाचे वर्ष का करायचे आणि ४५७ पासूनच का मोजायचे, या दोन्ही गोष्टी आधीच गृहीत धरल्या होत्या. विसाव्या शतकातही असेच झाले. इस्राएल राष्ट्राची स्थापना १९४८ ची, एक पिढी ४० वर्षांची, म्हणून १९८८, असा हिशेब पुष्कळांनी मांडला. हे सर्व घडेपर्यंत ‘ही पिढी’ नाहीशी होणार नाही, असे मत्तय २४:३४ मध्ये आहे, पण पिढी नेमकी ४० वर्षांचीच, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

व्हिडिओ पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. मोजणी जिथून सुरू केली ते वर्ष वचनात दिले आहे, की निवडले आहे? याच माणसाने पूर्वी दुसरी तारीख दिली होती का, आणि ती चुकल्यावर त्याने जाहीर क्षमा मागितली का? संदेशाच्या शेवटी पैसे, घर, नोकरी किंवा नातेसंबंध सोडायला सांगितले आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर पाळकांना आणि घरातल्यांना त्याच दिवशी कळवा. तारीख टळते, विकलेले घर मात्र परत मिळत नाही.

प्रश्न : प्रभू लवकर येणार असा विश्वास असेल, तर मुलांच्या शिक्षणासाठी बचत करणे, विमा काढणे, घर बांधणे हा अविश्वास नाही का?

नाही. थेस्सलनीका इथल्या मंडळीत नेमकी हीच अडचण उभी राहिली होती. काही जणांनी काम सोडले होते आणि ते इतरांच्या घरी जेवत, लुडबूड करत फिरत होते. पौलाने त्यांना स्वतःच्या हातांनी काम करायला सांगितले. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असा कडक नियम घातला (२ थेस्सलनीकाकर ३:१०-१२). पुनरागमनाबद्दल इतके सविस्तर लिहिणारा प्रेषितच हे सांगतो, हे महत्त्वाचे आहे.

यिर्मया २९ वाचा. बाबेलात नेलेल्या लोकांना सुटकेचे वचन होते, पण ७० वर्षांनंतरचे. तोवर घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, असे त्यांना सांगितले गेले. मात्र लूक १२:१६-२१ मधला श्रीमंत शेतकरीही विसरू नका. कोठारे बांधली म्हणून देवाने त्याला मूर्ख म्हटले नाही. सगळे पीक स्वतःसाठीच साठवले आणि आता जीव निर्धास्त झाला असे मानले, म्हणून म्हटले. म्हणून बचत करताना गरजूंचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यातून साठवावे. क्रम उलटा केला, तर त्या वाट्यासाठी काही उरतच नाही.

प्रश्न : ‘जागृत राहा’ हे प्रवचनात नेहमी ऐकतो. पण नोकरी, स्वयंपाक, मुले, आजारपण या सगळ्यात रोज नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर.

आधी एक गैरसमज दूर करू. मत्तय २५ मधला दहा कुमारींचा दृष्टांत नीट वाचा. वराला उशीर झाला तेव्हा पाच मूर्ख कुमारी झोपल्या आणि पाच शहाण्या जाग्या राहिल्या, असे तिथे नाही. पाचव्या वचनात दहाही जणींना डुलक्या लागल्या आणि त्या झोपी गेल्या. दिवे दहाही जणींकडे होते. फरक होता तो भांड्यात वेगळ्या घेतलेल्या तेलाचा. शहाण्यांनी उशीर होईल हे धरूनच तयारी केली होती. म्हणजे जागृत राहणे याचा अर्थ अखंड ताणात राहणे नव्हे. थकलेल्या आईने झोपावे आणि आजाऱ्याने विश्रांती घ्यावी. प्रश्न एवढाच की हाक आली त्या क्षणी जे उसने मिळत नाही ते आपल्याजवळ आहे का.

ते तेल रोज थोडे थोडे भरायचे असते. सकाळी फोन हातात घेण्याआधी तीन-चार मिनिटे पुरतात. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि ‘तुझे राज्य येवो’ इथे थांबा. आज आपल्या हाती सोपवलेले एक काम नाव घेऊन देवापुढे ठेवा. ‘मला चांगले बनव’ असे मोघम नको. ‘अकरा वाजता ज्या माणसाशी बोलायचे आहे, त्याच्याशी खरे बोलेन’ असे नेमके हवे. लूक १२:४२ मधला विश्वासू कारभारी धनी येतो तेव्हा दाराशी उभा नसतो. तो इतर चाकरांना वेळेवर शिधा वाटत असतो. तुमचा स्वयंपाक, तुमची हजेरीवही, आजाऱ्याचे औषध हे सगळे त्या शिध्यातच येते.

रात्री दहा मिनिटे दिवसाची उजळणी करा. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियस या कॅथलिक संताने दिलेली ही पद्धत कोणत्याही पंथाचा विश्वासी वापरू शकतो. पहिली दोन मिनिटे उपकारस्तुती, आणि तीही नेमक्या गोष्टींसाठी. पुढची पाच मिनिटे सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. मग दोन मिनिटे कबुली, आणि शेवटच्या मिनिटात उद्याचे एक पाऊल. इथे तीन ठिकाणी माणसे अडखळतात. अंथरुणावर पडून उजळणी केली तर झोप लागते, म्हणून खुर्चीत बसा. सुरुवातच चुकांपासून केली तर चार दिवसांत ती शिक्षा वाटू लागते आणि सुटते, म्हणून उपकारस्तुती आधी. ‘मी गर्विष्ठ आहे’ अशी ढोबळ कबुली दिली की दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. कोणाला, कोणते वाक्य, कोणत्या स्वरात बोललो, इथपर्यंत या.

आठवड्यातून एकदा हिशेब मिटवा. देणे असेल तर द्या. घेतलेली वस्तू परत करा. दुखावलेल्या माणसाला भेटा किंवा फोन करा. वेदीपाशी आल्यावर भावाची तक्रार आठवली तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, हा येशूचा शब्द आहे (मत्तय ५:२३-२४). क्षमा मागताना ‘पण’ हा शब्द वापरू नका. ‘मी चुकलो, पण तूही...’ म्हटले की क्षमा संपली आणि वाद सुरू झाला. जिथे पैशांचे नुकसान केले असेल, तिथे नुसते शब्द पुरत नाहीत. जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याची तयारी दाखवली होती. समोरच्या माणसाकडून जिवाला धोका असेल किंवा त्याने अत्याचार केला असेल, तर एकट्याने भेटायला जाऊ नका. समेटाची आज्ञा कोणालाही पुन्हा माराखाली ढकलण्यासाठी नाही.

शेवटचे, आणि आमच्या मते सर्वात जास्त दुर्लक्षित. मत्तय २५:३१-४६ मध्ये न्यायाच्या वेळी सहा गोष्टी पाहिल्या जातात : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट. सहाही एकदम हाती घेऊ नका, तीन आठवड्यांत दम संपतो. एक निवडा, वार ठरवा, सोबत एक माणूस घ्या आणि वर्षभर चालवा. आजाऱ्याला भेटायचे तर वीस मिनिटे बसा, त्याचे ऐका, जाताना पुढच्या भेटीचा वार सांगा आणि तो पाळा.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी घरात कोणी दिसले नाही की रडू लागते. ‘प्रभू सगळ्यांना घेऊन गेला, मी मागे राहिले’ असे म्हणते. तिला कसे समजवावे?

आधी तिला जवळ घ्या, समजावणे नंतर. मग तिने हे कुठे ऐकले किंवा पाहिले ते शोधा. विश्वासी माणसे अचानक नाहीशी होतात आणि बाकीचे मागे संकटात राहतात, हे चित्र दाखवून मुलांना घाबरवण्याची सवय काही ठिकाणी आहे. प्रभू आधी गुप्तपणे येऊन मंडळीला नेईल आणि काही वर्षांनी उघडपणे येईल, या दोन टप्प्यांच्या शिकवणीची रीतसर मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी केली आणि ती पुढे पुष्कळ मंडळ्यांत पसरली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन आणि बहुतेक रिफॉर्म्ड मंडळ्या ती मानत नाहीत. ‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे वचनही (मत्तय २४:४०) नोहाच्या उदाहरणानंतर लगेच येते, आणि त्या उदाहरणात जलप्रलयाने ‘वाहून नेलेले’ लोक वाचलेले नाहीत. म्हणून घेतले जाणे म्हणजे सुटका आणि मागे उरणे म्हणजे शिक्षा, असा सरळ अर्थ काढण्यापूर्वी थांबावे.

तुमची मंडळी ही शिकवण मानत असली, तरी मुलीला भीती देणे हे त्या शिकवणीतही बसत नाही. १ थेस्सलनीकाकर ४ चा शेवट ‘या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा’ असा आहे. मुलीला सांगा, ‘जो येणार आहे तो तोच येशू आहे, ज्याने मुलांना जवळ घेतले.’ हे वाक्य रोज झोपताना तेवढेच, त्याच शब्दांत म्हणा. लांबलचक स्पष्टीकरण नको. घरातून बाहेर जाताना तिला सांगून जा आणि परतण्याची वेळ पाळा. प्रकटीकरणाचे वाचन तिच्यासाठी काही वर्षे बाजूला ठेवा. वाचायचेच असेल तर अध्याय २१ मधले पहिले पाच वचन वाचा, जिथे देव डोळ्यांतले अश्रू पुसतो. भीतीमुळे झोप किंवा शाळा सुटत असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे न्यायला संकोच करू नका.

प्रश्न : आई आयुष्यभर प्रभूची वाट पाहत होती आणि तो येण्याआधीच गेली. तिची वाट पाहणे वाया गेले का?

नाही, ताई. हाच प्रश्न थेस्सलनीका इथल्या लोकांना पडला होता आणि पौलाने इ.स. ५० च्या सुमारास त्याचे सरळ उत्तर लिहिले. प्रभू येईल तेव्हा जिवंत असलेले आपण, निजलेल्यांच्या पुढे जाणार नाही. ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील (१ थेस्सलनीकाकर ४:१३-१७). तुमची आई मागे राहिलेली नाही. रडू नका, असे पौल म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच म्हणतो. मन भरून रडा.

प्रश्न : आगमनकाळ म्हणजे नाताळची तयारीच ना? मग त्यात पुनरागमनाची वचने का वाचतात? घरी काय करावे?

आगमनकाळाला दोन बाजू आहेत, ख्रिस्ताचा जन्म आणि त्याचे पुनरागमन, आणि सुरुवात या दुसऱ्या आगमनापासून होते. पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वात जवळचा असतो, म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे हा काळ कधी २२ तर कधी २८ दिवसांचा होतो. रोमन कॅथलिक वाचनक्रम तीन वर्षांचा आहे. पहिल्या रविवारी त्यात अनुक्रमे मत्तय २४, मार्क १३ आणि लूक २१ यांतले उतारे येतात. गव्हाणीचा उल्लेख कुठेच नाही. १६ डिसेंबरपर्यंत भर पुनरागमनावर असतो आणि १७ पासून जन्माच्या तयारीवर.

घरी चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे करता येईल. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी लावतात. मेणबत्त्यांच्या कड्याची रीत जर्मनीतील हॅम्बुर्ग इथे धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखर्न यांनी गरीब, निराधार मुलांसाठी १८३९ मध्ये सुरू केली. मुले रोज ‘नाताळ कधी?’ विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. दर रविवारी जुनी मेणबत्ती आधी लावून मग नवी लावा. पानांचे कडे वाळले की लवकर पेटते, म्हणून ते पडद्यापासून दूर ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी शिंपडा आणि वाचन संपताच मेणबत्त्या विझवा.

वाचन मात्र छोटेच ठेवा. पहिल्या आठवड्यात मार्क १३:३३-३७ ही पाच वचने, त्यानंतर एक मिनिट शांतता, आणि मग घरातल्या प्रत्येकाने या आठवड्यात कोणाशी समेट करायचा किंवा कोणाला मदत करायची ते एका वाक्यात सांगावे. लहान मुलांनाही सांगू द्या. पुढच्या रविवारी मेणबत्ती लावण्याआधी त्याबद्दल विचारा.