बचत गटाच्या लोणचं-पापड प्रशिक्षणासाठी ४० पानी मराठी पुस्तिका, ६० प्रती काढायच्यात. सॉफ्टवेअर आणि प्रिंटर कुठला घ्यावा?

लिबरऑफिस रायटर आणि ड्युप्लेक्सवाला (कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारा) ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर घ्या, बाकी काही लागत नाही. मी अशा पुस्तिका गेली काही वर्षं टाइप करून छापून देतोय त्यावरून सांगतो. रायटर फुकट आहे आणि युनिकोड मराठी (म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर दिसणारं) नीट चालतं, पेजमेकर या जुन्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, त्यात युनिकोड नाही, मग जुन्या फॉन्टमधला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो’ (Noto) घ्या, साइज १४ तरी ठेवा, चष्मा नसलेल्या बायकांनाही वाचता आलं पाहिजे. लेझर एवढ्यासाठीच की टोनर (लेझरची शाईची पूड) ओल्या हाताने पसरत नाही, इंक टँक प्रिंटरची पातळ शाई बऱ्याचदा पसरते आणि तुमच्याकडे तर हात तेला-पाण्याचेच असणार.

छापताना:
- आधी पीडीएफ करा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं तुटणार नाहीत
- रायटरच्या प्रिंटमध्ये ब्रोशर (पीडीएफवरून छापत असाल तर बुकलेट) निवडा, ए-४ दुमडून ४० पानं १० कागदांत बसतात
- ड्युप्लेक्स शॉर्ट एजवर (कागद आखूड कडेवरून उलटेल असं) ठेवा, नाहीतर मागची बाजू उलटी येते

फक्त रंगीत फोटो भरपूर असतील किंवा प्रती पाचशेच्या घरात गेल्या तर प्रिंटर घेऊच नका, सरळ प्रेसला पीडीएफ द्या.