खारेपाटातले प्रश्न: खांड, उघाडी आणि उगाच टाकलेलं जिप्सम

या महिन्यात आलेले प्रश्न जवळपास सगळे खाऱ्या पाण्याचेच आहेत, बहुतेक पेण-अलिबागच्या खारेपाटातून (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या भातजमिनीतून) आणि काही श्रीवर्धनकडच्या वाड्यांमधून. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकत्र लिहितो. भात कसं लावायचं ते तुम्हाला माझ्याइतकंच येतं, ते परत लिहीत नाही.

प्रश्न (पेण, वढावकडून): गेल्या पावसात उधाणाला बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांड गेली (भगदाड पडलं), चार दिवस खारं पाणी शेतात उभं होतं. आता शेतावर पांढरा थर दिसतोय. दुकानदार म्हणतो एकरी दहा गोणी जिप्सम टाका. टाकू का?

नाही. टाकू नका दादा.

जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध आहे. घाटावर, सांगली-कोल्हापूरकडे जास्त पाणी देऊन ज्या जमिनी चोपण झाल्या, जिथे सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलाय आणि मातीला सोडियम चिकटून बसलाय, तिथे ते काम करतं. आपल्याकडे खाडीचं पाणी येऊन जे होतं ते वेगळं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोकळं मीठ आहे, पाण्यात विरघळणारं, आणि ते धुवायला आपल्याकडे फुकटात तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. जिप्सम म्हणजे अजून एक क्षारच आहे, आधीच खारट झालेल्या शेतात तुम्ही पैसे देऊन आणखी क्षार टाकताय. दुकानदाराने घाटावरचा सल्ला उचलून खाली आणलाय, त्याचा माल खपतो, तुमचं शेत तसंच राहतं. मी असे कितीतरी बांध फिरलोय जिथे कडेला जिप्समच्या रिकाम्या गोणी पडल्यात आणि शेतात भात करपलेलं आहे.

पहिले माती तपासा. नमुना एप्रिल-मे मध्ये घ्या, तेव्हा मीठ सगळ्यात वर आलेलं असतं, आणि वरचा पांढरा थर खरवडून वेगळ्या पिशवीत भरा, खालची वीतभर माती वेगळ्या पिशवीत, दोन्ही मिसळलं की रिपोर्ट चुकतो. रिपोर्टमध्ये दोन आकडे बघा, सामू आणि क्षारता म्हणजे ईसी. सामू साडेआठच्या वर आला तरच जिप्समचा विषय काढायचा, आणि तेव्हाही किती टाकायचं ते प्रयोगशाळा सांगेल, दुकान नाही. अजून एक, ईसी कशाची काढलीय ते विचारून घ्या. ईसी ३ डेसीसायमनच्या (हे ईसीचं माप) पुढे गेली की भात मार खायला लागतं आणि त्यापुढे दर एकाला साधारण १२ टक्के उत्पन्न घटतं, पण हा आकडा संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचा) आहे. आपल्या प्रयोगशाळा बहुतेक एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून काढून देतात, तो आकडा दिसायला बराच लहान असतो. तो बघून 'अरे एकच आलाय, काय नाय होत' म्हणून लोक गाफील राहतात.

ह्युमिक, 'मीठ कापणारं लिक्विड', सॉईल कंडिशनर, यातलं काहीही मीठ कापत नाही. मीठ फक्त पाण्याबरोबर जातं.

आता ते कसं घालवायचं. पहिल्या दमदार पावसाचं पाणी वाहू देऊ नका, बांध-बांधोळी बांधून शेतात अडवा, चिखलणी करा, दोन दिवस उभं ठेवा म्हणजे मीठ पाण्यात उतरतं, मग ते पाणी ओहोटीला सोडून द्या. परत भरा, परत ढवळा, परत सोडा. निदान तीन वेळा. आणि सोडायचं कधी ते महत्त्वाचं आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे ओहोटी खोल जाते, तेव्हा उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) पाणी झपाझप उतरतं. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) खाडीच नीट उतरत नाही, तेव्हा उघाडी उघडून काही उपयोग नाही, शेताचं पाणी तिथेच डुचमळत राहतं. कॅलेंडर आणि भरतीचं टेबल घरात लावा. शेजाऱ्याने लावणी केली म्हणून आपण पहिल्याच चिखलात लावणी करायची, ही सगळ्यात महाग पडणारी घाई आहे. रोप लहान असतानाच मिठाला सगळ्यात जास्त नाजूक असतं आणि नंतर फुलोऱ्याला. म्हणून खाऱ्या जमिनीत रहू (मोड आलेलं बी थेट) टाकणार असाल तर धुणं दुप्पट काळजीने करा, आणि लावणी करणार असाल तर रोपवाटिका गोड्या जमिनीत, उंचावरच्या वरकसावर करा, रोप २५ ते ३० दिवसांचं होऊ द्या, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) एकदोन काड्या जास्त लावा. बी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचं घ्या, पनवेल-१, २, ३ या जाती त्यासाठीच काढल्यात. दुकानातलं हायब्रीड खारेपाटात नको.

आणि पाती पिवळी पडली, शेंडे पांढरे होऊन वाळले की लगेच युरिया नको! तो मिठाचा मार आहे, नत्राची कमतरता नाही. दुकानदार 'अजून एक गोण मारा' म्हणतो, तुम्ही मारता, ओहोटीला अर्धी गोण खाडीत जाते. पाणी बदला. युरिया नंतर. खरं सांगायचं तर फेकून युरिया टाकणंच बंद करा आणि लावणीच्या दिवशीच युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचा, २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मध्ये, सात ते दहा सेंटीमीटर खोल. हेक्टरी १७० किलोच्या आसपास लागतात. वेळ लागतो, बाया कुरकुर करतात, मला माहितीय. पण गोळी चिखलात बसली की ती ओहोटीच्या पाण्याबरोबर निघून जात नाही.

एक गोष्ट मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी दहातले दोन जण ऐकतात: कापणी झाली की आठवड्याच्या आत उथळ नांगरट करा. भात कापून शेत तसंच उघडं टाकलं की जमिनीत बारीक केसासारख्या नळ्या तयार राहतात, त्यातून खालचं खारं पाणी वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं, फेब्रुवारीपर्यंत शेत पांढरं. वरची चार-पाच बोटं माती मोडली की ती नळी तुटते. जमलं तर वर पेंढा पसरा. याला ना जिप्सम लागतं ना लिक्विड. ओल आहे तोवर करा, डिसेंबरात माती दगडासारखी होते मग ट्रॅक्टरही वळत नाही.

प्रश्न (अलिबाग, शहापूर-धेरंडकडून): आजोबांच्या वेळी उघाडीतून पावसाचं पाणी एका ओहोटीत उतरायचं, आता दोन दिवस तुंबतं. बांधही पूर्वी पुरायचा, आता उधाणाला पाणी काठोकाठ येतं. बांध तोच आहे, मग काय बदललं?

समुद्र बदलला. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे की १९९३ ते २०१७ मध्ये उत्तर हिंद महासागराची पातळी वर्षाला ३.३ मिलीमीटरने वाढत गेली. ऐकायला काहीच नाही. पण पंचवीस वर्षांचा हिशोब करा, आठ सेंटीमीटर, आडवी चार बोटं. आणि त्याच काळात तुमचा बांध खचून खाली बसलाय, म्हणजे फरक दोन्ही बाजूंनी. त्यात लोक फक्त भरती बघतात. ओहोटीचं पाणीही तेवढंच वर राहतं, त्यामुळे उघाडीची झडप ज्या वेळात आपोआप उघडी राहायची तो वेळ कमी झाला. पाऊस तेवढाच किंवा एका दिवसात जास्त, आणि निघायला वेळ कमी. तुंबणार नाही तर काय होईल.

म्हणून नुसता बांध उंच करून भागत नाही, उघाडी मोठी किंवा जास्त लागते, आतल्या चरी साफ लागतात. बांध वाढवतानाही जेसीबीवाल्याच्या मर्जीवर सोडू नका. तो बांधाच्या पायथ्याचीच माती काढून वर टाकतो, पायथ्याला खड्डा, वर सुकी ढेकळं, दिसायला भिंतीसारखा सरळ. पहिल्या उधाणाला तो खड्ड्यातच घसरतो. माती लांबून आणा, थराथराने दाबा, समुद्राकडची बाजू पसरट ठेवा, एक मीटर उंचीला तीन मीटर पसारा. आणि हे सगळं १५ मेच्या आत संपवा. निसर्ग चक्रीवादळ आलं ते ३ जून २०२० ला, तेव्हा ज्यांचं बांधाचं काम 'होईल की जूनमध्ये' म्हणून बाकी होतं त्यांना विचारा.

एक काम गावाने आत्तापासून करा, खर्च एका डब्याचा. उघाडीच्या भिंतीवर दर वर्षीच्या सगळ्यात मोठ्या उधाणाच्या पाण्याची रेघ ऑइलपेंटने ओढा आणि बाजूला साल लिहा. एका गावात मी ही रेघ बघितलीय, पोरांनी लाल रंगाने ओढलेली, पहिली माझ्या गुडघ्याजवळ, त्यावर बोटभर अंतरावर दुसरी, मधल्या एका सालाची रेघ उलट खाली. बांध किती वाढवायचा यावर मीटिंगमध्ये दोन तास भांडण चालतं ना, ती भिंत दाखवली की साहेबही गप्प बसून मोजायला लागतो.

प्रश्न: बांधासमोर तिवरं (खारफुटीची झाडं) माजलीत, तोडून टाकली तर बांधाला हात घालता येईल. तोडू का?

हात लावू नका. कायद्याने गुन्हा आहे, हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, खाजगी जमिनीवरची असली तरी. पण कायदा बाजूला ठेवा. बांधावर जी लाट आपटते ती आधी तिवरात मोडते, समोर तिवर असलेला बांध आणि समोर उघडा चिखल असलेला बांध पावसाळा संपल्यावर शेजारी-शेजारी बघा, बांधाला लावलेलं दगडाचं पिचिंग कुठलं निघालंय ते डोळ्यांनी दिसतं. तिवर बाहेर राहू दे.

आत मात्र येऊ देऊ नका. हे मी ओरडून सांगतो. खांड गेली आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत दोन-तीन वर्षं उघडी ठेवली की तिवराचं बी भरतीबरोबर शेतात येतं, रुजतं, आणि मग सातबारा तुमचा पण झाडं कायद्याची. पेण-अलिबागला अशा किती शेतांवर आज जंगल उभं आहे, त्यांचे मालक आमच्याकडे येऊन रडतात आणि आमच्या हातात काही नसतं. खांड त्याच आठवड्यात बांधा, पोत्यात माती भरून का होईना.

खांड बहुतेक कुठून सुरू होते माहितीय? खेकड्याच्या बिळातून. मी एकदा एप्रिलात एका काकांबरोबर बांधावर चालत होतो, त्यांनी काठी एका बिळात घातली, अख्खी काठी आत गेली, वर त्यांचा हातही कोपरापर्यंत. भरतीला आतल्या बाजूने तिथून पाणी पाझरत होतं, करंगळीएवढी धार. ते म्हणाले बघू सवडीने. श्रावणात तिथेच बारा फुटांची खांड. बिळं चिकणमातीने ठासून बुजवा, दर अमावस्येला बांधावर एक चक्कर मारा.

दुसरं कारण बोलायला लोकांना आवडत नाही तरी बोलतो. उघाडीच्या झडपेत दगड नाहीतर फळी अडकवून मासे धरणं. रात्रभर झडप उघडी, भरती आत, सकाळी दहा किलो मासे एकाचे आणि खारं पाणी पन्नास जणांच्या शेतात. हे गावातलंच कोणीतरी करतं आणि सगळ्यांना माहिती असतं. ऑक्टोबर ते मे झडप घट्ट बंद, कुलूप लावा, किल्ली पाळीने. जिताडा माशाची तळी ज्यांची आहेत त्यांनी तळ्याला वेगळी मोरी घ्यावी, शेताच्या उघाडीतून खारं पाणी आत घेऊ नये.

प्रश्न (श्रीवर्धन): वाडीतल्या विहिरीचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतं, सुपारी सुकते. बोअरवाला म्हणतो खोल मारा.

खोल मारू नका! किनाऱ्याजवळ जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. हिशोब असा आहे की गोड्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढायला बघतं. बोअर खोल म्हणजे थेट खाऱ्यात नळी. मोठा पंप तासनतास चालवला तरी तेच. लहान पंप, थोडा वेळ सकाळी, थोडा संध्याकाळी, विहिरीत फूटव्हॉल्व्ह वरच ठेवा, ठिबक करा, झावळ्यांचं आच्छादन घाला. नारळ थोडं मीठ सहन करतो, सुपारी करत नाही, म्हणून समुद्राच्या बाजूला नारळ आणि आत सुपारी अशीच नवी लागवड करा. पावसाचं छपराचं पाणी विहिरीत सोडा.

योजनांबद्दल थोडक्यात. तुमची खारभूमी योजना (बांध-उघाडीची) शासकीय आहे की खाजगी ते पेणच्या खारभूमी विकास विभागात विचारा, १९७९ च्या कायद्याने शासकीय योजनेची दुरुस्ती त्यांच्याकडे आहे, खाजगी असेल तर गावाने ठराव करून मागणी द्यावी लागते. पीक विमा काढला असेल तर नुकसान लगेच कळवा आणि तलाठी, कृषी सहाय्यक यांच्याकडून पंचनामा लगेच मागा, खारं पाणी उतरल्यावर चार दिवसांनी शेत हिरवं दिसतं आणि मग कोणी मानत नाही. फोटोत उघाडी किंवा ओळखीची खूण येऊ दे.

नमुने आणताना गट नंबर आणि तारीख पेन्सिलने लिहून चिठ्ठी आधी छोट्या प्लास्टिकमध्ये घाला आणि मग पिशवीत. गेल्या वेळी अकरा पिशव्या आल्या त्यातल्या सात चिठ्ठ्या ओल्या मातीत विरघळून गेल्या होत्या आणि कोणाचं शेत कुठलं तेच कळेना, परत सगळ्यांना खेप पडली.